पबमधली प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीताची रात्र म्हणजे नक्की काय? मशीन, कोड आणि तबल्याचे बोल

आजचा विषय जरा वेगळा आहे. पुण्यातल्या एका छोट्या पबमध्ये मी पहिल्यांदा असा कार्यक्रम पाहिला. पन्नास-साठ माणसं मावतील एवढी खोली, समोर टेबल आणि टेबलावर एक लॅपटॉप. गाणारं कोणी नाही, गिटार नाही, ड्रमसेट नाही. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने लॅपटॉपचा स्क्रीन टाकला होता आणि त्यावर कोड दिसत होता. वाजवणारी मुलगी एक ओळ बदलायची, की ताल बदलायचा. मधेच तिच्याकडून एक कंस राहिला, लाल अक्षरात एरर आली आणि आवाजातला बदल अडला. लोक हसले. तिने कंस टाकला, ताल फिरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी रोज कोड लिहूनच पोट भरतो, पण एरर दुरुस्त केल्याबद्दल मला आजवर कोणी टाळ्या दिलेल्या नाहीत! मी त्याची छोटी क्लिप अक्कलकोटला माझ्या धाकट्या भावाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "दादा, हे मोठ्या शहरातल्या लोकांचं. आपल्याकडं याचं काय काम?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. अशा रात्री नेमकं काय चालतं, टेबलावरची यंत्रं काय करतात, भिंतीवरचा कोड कसा वाचायचा आणि हेच तुमच्या मोबाइलवर फुकटात कसं करून बघायचं, हे सगळं आपण पाहणार आहोत. आणि हो, या प्रकारात आपलं काय काम आहे हेही समजेल. थोडं आधीच सांगतो: त्या कोडच्या मुळाशी तबला आहे.

डीजे, लाइव्ह सेट आणि लाइव्ह कोडिंग: फरक काय?

आपल्याकडे "डीजे" म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. त्यामुळे आधी तीन गोष्टी वेगळ्या करूया.

डीजे सेट: आधीच तयार असलेली गाणी एकाला एक जोडून वाजवणं. कौशल्य असतं ते निवडीत, दोन गाण्यांचा वेग जुळवण्यात आणि समोरच्या लोकांचा मूड ओळखण्यात.

लाइव्ह सेट: गाणं तिथेच तयार होतं. सिंथेसायझर, ड्रम मशीन, सॅम्पलर अशी यंत्रं जोडून कलाकार त्यांची बटणं फिरवतो. सुरुवात ठरलेली असते, शेवट बऱ्याचदा नसतो.

लाइव्ह कोडिंग: इथे वाद्य म्हणजे प्रोग्रॅम. कार्यक्रम चालू असताना कोड लिहायचा, चालवायचा आणि चालू असतानाच बदलायचा. या पद्धतीच्या लोकांनी २००४ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये 'टॉपलॅप' नावाचा गट सुरू केला. त्यांचा पहिला आग्रह हा की, तुमचा स्क्रीन प्रेक्षकांना दिसला पाहिजे. म्हणून भिंतीवर कोड. अशा कोडवर लोकांना नाचवायचं असेल तर त्या रात्रीला 'अल्गोरेव्ह' म्हणतात. अल्गोरिदम आणि रेव्ह या दोन शब्दांचा हा जोड ॲलेक्स मॅकलीन आणि निक कॉलिन्स यांनी २०११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये काढला. पुढे मुंबई आणि बंगळुरूमध्येही अल्गोरेव्ह झाल्या.

मग "प्रयोगशील" म्हणजे काय? सोपं आहे. निकाल आधी माहीत नसतो. फसायची शक्यता धरूनच कार्यक्रम ठरवलेला असतो.

टेबलावरची यंत्रं काय करतात?

वायरींचं जंगल बघून घाबरू नका. बहुतेक यंत्रं चारच कामं करतात.

१. ऑसिलेटर, म्हणजे आवाजाचा उगम. विजेचा दाब एका सेकंदात ठरावीक वेळा वरखाली होतो आणि स्पीकरचा पडदा तसाच हलतो. सेकंदाला २४० वेळा हलला तर २४० हर्ट्झचा स्वर. हे हलणं गोलाईदार असेल तर आवाज शिट्टीसारखा गुळगुळीत येतो, करवतीच्या दातांसारखं असेल तर झणझणीत येतो.

२. फिल्टर, म्हणजे आवाजाची गाळणी. घराबाहेरून मिरवणूक जाते तेव्हा दार उघडं असलं की सगळं ऐकू येतं. दार लावलं की गाण्याचे शब्द नाहीसे होतात आणि फक्त "धम्म धम्म" उरतं. उंच स्वर अडले, खालचे स्वर आत आले. दार लावणं हाच फिल्टर. कलाकार एक बटण हळूहळू फिरवतो आणि आवाज "उघडत" जातो, तेव्हा तो हे दारच उघडत असतो.

३. एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा आकार. घंटेवर टोल पडला की आवाज एकदम मोठा होतो आणि मग विरत जातो. पेटीचा सूर बोट दाबून भाता चालू आहे तोवर राहतो. आवाज किती वेगाने चढायचा, किती टिकायचा आणि किती वेगाने उतरायचा हे इथे ठरतं.

४. सिक्वेन्सर, म्हणजे क्रम लक्षात ठेवणारा भाग. हा समजवायला मला आमच्या आजीने मदत केली. ती क्लिप तिनेही ऐकली आणि म्हणाली, "हे तर आरतीच्या मशीनगत वाजतंय." एकदम बरोबर! अनेक देवळांत विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र असतं. मोटर फिरते, तिच्या दांड्यावरचे उंचवटे काठ्यांना उचलतात आणि सोडतात. नगारा, झांज, घंटा आपापल्या जागी वाजतात. दांडा एकदा पूर्ण फिरला की तोच क्रम पुन्हा. ड्रम मशीन हेच करतं, फक्त लोखंडी उंचवट्याऐवजी मेमरीतला एक बिट असतो. अनेक ड्रम मशीनवर एका आवर्तनाचे १६ भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक बटण. तीनतालाच्या मात्राही १६. आकडा सारखा आहे एवढंच; सम आणि खाली हा विचार मशीनमध्ये आपोआप येत नाही, तो वाजवणाऱ्याने आणायचा असतो.

थोडक्यात, ऑसिलेटर आवाज काढतो, फिल्टर तो गाळतो, एन्व्हलप त्याला आकार देतो आणि सिक्वेन्सर त्याला वेळेवर हजर करतो. पुढे हे सगळे आवाज मिक्सरमध्ये एकत्र होतात आणि स्पीकरला जातात.

मुंबई, १९८२: दहा राग आणि तीन मशीन

"हे परदेशातून आलेलं फॅड आहे" असं वाटत असेल तर ही गोष्ट वाचाच.

चरणजीत सिंग हे मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्या काळात डिस्कोची लाट होती. सिंग यांनी तबला बाजूला ठेवला, खाली डिस्कोचा ठेका लावला आणि वर दहा राग वाजवले. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने ती रेकॉर्ड निघाली.

आणि खपलीच नाही.

आता तांत्रिक गंमत बघा. टीबी-३०३ हे यंत्र खरं तर बेस गिटारवाल्याची जागा घ्यावी म्हणून बनवलं होतं. त्याचा आवाज गिटारसारखा काही आला नाही, त्यामुळे कंपनीने १९८४ मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं. पण त्यात 'स्लाइड' नावाची सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं. मींड ऐकत मोठ्या झालेल्या कानाला ती सोय ओळखीची वाटणारच. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार जगभर गाजला. मुंबईतली रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची होती.

एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाच्या हाती ती जुनी रेकॉर्ड लागली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली. मग जगभरातून सिंग यांना बोलावणं येऊ लागलं. वयाच्या सत्तरीत त्यांनी तेच संगीत रंगमंचावर वाजवलं. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

याच्याही आधीचं उदाहरण अहमदाबादचं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा भारतीयांनी तिथे काम केलं. काही वर्षांत तो बंद पडला आणि त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०२३ मध्ये त्यांचा निवडक अल्बम निघाला.

दोन्ही गोष्टींत काय कमी पडलं? माझ्या मते यंत्रं होती, माणसं होती, कल्पनाही होत्या. पुन्हा पुन्हा जमून असलं काही ऐकणारी छोटी खोली नव्हती. शिकागोला तशा जागा होत्या. मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

भिंतीवरच्या कोडमध्ये तबला कुठून आला?

आता माझा सगळ्यात आवडता भाग.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन नावाचे संशोधक लखनौ घराण्याचे तबलानवाज उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकत होते. कायदा आणि त्याचा विस्तार हा तबल्यातला मोठा विषय. मूळ रचनेतले बोल घ्यायचे आणि नियम पाळून त्यांची नवी नवी वळणं काढायची. कुठला पलटा चालतो आणि कुठला चालत नाही, हे उस्तादांना ऐकताक्षणी कळतं. पण नियम विचारला तर तो शब्दांत सांगणं कठीण.

किपेन यांनी फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्याबरोबर यावर उपाय शोधला. बेल यांनी ॲपलच्या तेव्हाच्या छोट्या संगणकावर 'बोल प्रोसेसर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात बोलांचं व्याकरण भरायचं. भाषेच्या व्याकरणातून जशी नवी वाक्यं बनतात, तसे या व्याकरणातून नवे पलटे बनायचे. ते तबलजींना ऐकवायचे. "हे चालेल", "हे नाही चालणार" असं उत्तर आलं की व्याकरण दुरुस्त करायचं आणि पुन्हा ऐकवायचं. आज एआय मॉडेलचं उत्तर माणसाला दाखवून सुधारतात ना? साधारण तीच पद्धत, चाळीस वर्षांपूर्वी, तबल्यावर.

पुढे ॲलेक्स मॅकलीन यांनी लाइव्ह कोडिंगसाठी 'टायडल सायकल्स' बनवलं. त्यात ताल लिहायची जी छोटी लेखनपद्धत आहे, तिची प्रेरणा बेल यांच्या बोल प्रोसेसरमधून आली आहे. टायडल शिकायला थोडं अवघड होतं, कारण ते इन्स्टॉल करणं हेच एक काम असायचं. २०२२ पासून त्याचं ब्राउझरमध्ये चालणारं रूप उपलब्ध आहे, त्याचं नाव 'स्ट्रूडल'. फेलिक्स रूस आणि मॅकलीन यांनी त्याची सुरुवात केली.

बेल यांचं महाराष्ट्राशी आणखी एक नातं आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९० च्या दशकात बेल त्या कामात सामील झाले आणि ओव्यांचा डेटाबेस व ध्वनिमुद्रण यांचं काम झालं. आज तो संग्रह 'परी' या ऑनलाइन संग्रहावर ऐकता येतो. म्हणजे पबच्या भिंतीवरच्या कोडमागे ज्याचा विचार आहे, त्याच माणसाचे कान मावळातल्या जात्यापर्यंत पोचले होते.

"आपल्याकडं याचं काय काम?" या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे आहे.

तो कोड कसा वाचायचा?

स्ट्रूडलमध्ये काळ 'सायकल'मध्ये मोजतात. सायकल म्हणजे आवर्तन. आपण काही बदललं नाही तर एक आवर्तन दोन सेकंदांचं असतं. आता नियम बघा. उदाहरणं मी बोलांत देतो, म्हणजे लगेच समजेल.

धा धी ना धा ती ना
सहा शब्द लिहिले की एका आवर्तनाचे सहा समान भाग होतात. हा झाला दादरा. आठ शब्द लिहिले तर आठ भाग. आवर्तन तेवढंच राहतं, शब्द वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो.

धा [धी ना] धा ती
चौकटी कंस म्हणजे एका मात्रेत दोन बोल. "धी ना" हे दोन्ही मिळून एका बोलाची जागा घेतात. तबला शिकलेल्यांना ही दुगुन ओळखू येईल.

धा ~ ना ~
ही नागमोडी रेघ म्हणजे शांतता. त्या मात्रेवर काही वाजत नाही.

धा*४ ना
फुलीच्या पुढचा आकडा म्हणजे त्या जागेत तेवढ्या वेळा वाजव.

<धा ता> धी ना
टोकदार कंस म्हणजे आळीपाळीने. पहिल्या आवर्तनात धा, दुसऱ्यात ता, पुन्हा धा.

[धा धी ना, ता के]
कंसात स्वल्पविराम आला की दोन ओळी एकाच वेळी वाजतात. एकीकडे तीन, दुसरीकडे दोन, आणि दोघांची वेळ तेवढीच. तीनविरुद्ध दोनची लय.

धा(३,८)
आठ मात्रांत तीन आघात शक्य तितके समान अंतरावर बसव. आठला तीनने भाग जात नाही, म्हणून पहिली, चौथी आणि सातवी मात्रा मिळते. हा हिशोब युक्लिडच्या हजारो वर्षं जुन्या गणिताशी जोडलेला आहे आणि जगातल्या कित्येक लोकतालांत हाच आकार सापडतो, हे गॉडफ्रीड तुसाँ यांनी २००५ मध्ये दाखवलं.

प्रत्यक्ष स्ट्रूडलमध्ये बोलांऐवजी इंग्रजी छोटी नावं वापरतात: बेस ड्रमला बीडी, स्नेअरला एसडी, हाय-हॅटला एचएच. बाकी खुणा याच. आता अल्गोरेव्हला गेलात, तर भिंतीवर कंस वाढले की पुढच्या आवर्तनात बोल दाट होणार हे तुम्ही वाजायच्या आधी सांगू शकाल!

छोट्या जागेतच का?

पहिलं कारण भौतिकशास्त्राचं. ५० हर्ट्झच्या बेसची एक लहर सुमारे ७ मीटर लांब असते. छोट्या पबची खोलीही साधारण तेवढीच. त्यामुळे भिंतीवर आपटून परत आलेली लहर मूळ लहरीत मिसळते. काही ठिकाणी बेस दुप्पट होतो, काही ठिकाणी जवळजवळ गायब. कोपऱ्यात उभं राहिलात तर छातीत धडधडेल, दोन पावलं पुढे आलात तर वाटेल बेस बंद झाला. कलाकार आणि साउंडवाला कार्यक्रमाआधी खोलीत फिरून ऐकतात ते यासाठी. एका अर्थी ती खोलीही वाद्यच आहे.

दुसरं कारण हिशोबाचं. मोठा हॉल भरायचा तर हजारभर तिकिटं खपली पाहिजेत, म्हणजे लोकांना माहीत असलेलीच गाणी वाजवावी लागतात. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ ते २०१६ 'ब्लू फ्रॉग' नावाचं मोठं ठिकाण होतं. नव्या संगीतासाठी त्याचं खूप नाव झालं, तरी ते टिकलं नाही. छोट्या पबमध्ये आठवड्यातला एखादा रिकामा वार मिळतो. चाळीस माणसं आली तरी चालतं, आणि फसलं तरी नुकसान परवडण्यासारखं असतं.

तिसरं कारण माणसांचं. पन्नास जणांच्या खोलीत एरर आली तर ती सगळ्यांची होते. पाच हजारांच्या मैदानात तीच एरर म्हणजे फजिती.

जाण्याआधी हे माहीत हवं

वय: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, इतर दारूसाठी २५. त्यामुळे अनेक पब संध्याकाळनंतर २१ च्या खालच्यांना आत घेत नाहीत. ओळखपत्र जवळ ठेवा. वय बसत नसेल तर कॉलेज किंवा कलादालनात होणारे कार्यक्रम शोधा.

कान: हे गंमतीत घेऊ नका. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास हीच कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी जी मानकं काढली, त्यात सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, कानात घालायचे बोळे मिळावेत आणि थोडा वेळ बसायला शांत कोपरा असावा असं म्हटलंय. मोबाइलवर डेसिबल मोजणारी ॲप फुकट मिळतात. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाज येतो. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर समजा, जास्त झालं. आणि हा हिशोब मिरवणुकीतल्या डीजेसमोर नाचतानाही तोच आहे बरं का!

कायदा: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहासारख्या जागांना अपवाद आहे, पण आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणून असे कार्यक्रम अनेकदा लवकर सुरू होऊन लवकर संपतात.

मोबाइलवर आजच सुरुवात करा

लॅपटॉप असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

१. ब्राउझरमध्ये स्ट्रूडल डॉट सीसी उघडा. खातं काढायची गरज नाही, पैसे नाहीत.

२. आधीपासून असलेला कोड पुसा. आधी एस हे इंग्रजी अक्षर, मग गोल कंस, कंसात दुहेरी अवतरणचिन्हं आणि त्यांच्या आत बीडी, एसडी अशी नावं जागा सोडून लिहा. प्ले दाबा.

३. पहिल्यांदा दोन-तीन सेकंद आवाज येणार नाही. ध्वनीच्या फायली नेटवरून उतरत असतात. थांबा.

४. तरीही एरर आली तर अवतरणचिन्हं बघा. मोबाइलचा कीबोर्ड सरळ चिन्हं आपोआप वाकडी करतो आणि कोड मोडतो. सेटिंगमधलं स्मार्ट पंक्चुएशन बंद करा. पहिलं अक्षर आपोआप मोठं होत असेल तर तेही बंद करा.

५. आयफोनवर काहीच ऐकू येत नसेल तर बाजूचं सायलेंट बटण तपासा.

६. वायरचा इअरफोन वापरा. मोबाइलचा छोटा स्पीकर खालचा बेस काढूच शकत नाही. ब्लूटूथमध्ये आवाज बऱ्याचदा १००-२०० मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या वेगात पाव ठोका म्हणजे १२५ मिलिसेकंद. म्हणजे तुम्ही बटण दाबलं आणि आवाज पाव ठोका मागे! नुसतं ऐकायला चालेल, वाजवायला नाही.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला. एक कंस, एक आकडा. काय बदललं ते कानाने ओळखा आणि मगच पुढे जा.

माझ्या भावाने पहिल्या दिवशी दादरा बसवला. दुसऱ्या दिवशी त्यात चुकून एक शब्द जास्त पडला आणि सहाचे सात झाले. तो म्हणाला, "दादा, चुकलंय, पण भारी वाजतंय." प्रयोगशील संगीत म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

मग अक्कलकोटात अशी रात्र होऊ शकते का?

पब लागतोच असं नाही. पब हे फक्त शहरात सहज मिळणाऱ्या छोट्या खोलीचं नाव आहे. लागतं एवढंच: एक बंद खोली, दोन बरे स्पीकर, एक प्रोजेक्टर किंवा टीव्ही, आणि चुकलं तरी शेवटपर्यंत बसणारे दहा-पंधरा जण. कॉलेजचा वर्ग चालेल, क्लासची जागा चालेल, एखाद्या मित्राच्या घरची वरची खोली चालेल. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आमच्या गावात भजनी मंडळात वाजवणारी मुलं आहेत, बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवणारी आहेत, इंजिनीअरिंगला जाणारीही आहेत. यातले तिघं एका खोलीत आले की अर्धं काम झालं.

१९८२ मध्ये चरणजीत सिंग यांच्याकडे महागडी यंत्रं होती, पण ऐकणारी खोली मिळायला जवळजवळ तीस वर्षं लागली. आज यंत्र तुमच्या खिशात आहे. खोली तेवढी शोधा, आणि पहिल्या वेळी एरर आली तर टाळ्या वाजवायला विसरू नका.